पऱ्हाटीच्या इंधनाचा पहिला दाखला गावातून निघेल
यवतमाळ जिल्ह्यातील कापूस उत्पादक, बटाईदार आणि शेतमजुरांचा जाहीरनामा

आम्ही यवतमाळ जिल्ह्यात कापूस पिकवणारे शेतकरी, मक्त्याने आणि बटाईने वावर करणारे, पऱ्हाटी उपटणारे मजूर, चुलीसाठी तिचे भारे डोक्यावरून आणणाऱ्या बाया आणि ब्रिकेट-पेलेटच्या कारखान्यांत राबणारे कामगार हा जाहीरनामा काढत आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. आमच्या वावरातल्या पऱ्हाटीपासून झालेले इंधन ‘हरित’ किंवा ‘कार्बनमुक्त’ म्हणून जगात कुठेही विकायचे असेल, तर त्या दाव्याचा पहिला कागद त्या वावराच्या गावात, मराठीत, ग्रामसभेसमोर लिहिला गेला पाहिजे. तो कागद नसलेला दावा आम्ही मानणार नाही, आणि मानत नसल्याचे खरेदीदाराला उघडपणे कळवू.

आमच्याकडे काय आहे

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. इथे चार लाखांहून अधिक हेक्टरांवर कपाशी उभी असते. शेवटची वेचणी झाली की मागे पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडे, उरते. हेक्टरी दोन टन धरली तरी एका हंगामाची पऱ्हाटी आठ लाख टनांवर जाते. तुराट्या आणि सोयाबीनचे कुटार वेगळेच. वाळलेल्या पऱ्हाटीत किलोमागे सुमारे चार हजार किलोकॅलरी उष्णता असते, म्हणजे आपल्याकडच्या सामान्य दगडी कोळशाच्या जवळपास, आणि राख मात्र कोळशाच्या मानाने पुष्कळच कमी.

याच जिल्ह्यात वणीच्या कोळसा खाणी आहेत. झरी जामणी तालुक्यात मुकुटबनला सिमेंट कारखाना आहे. वर्धा नदी ओलांडली की गडचांदूर आणि आवारपूरच्या सिमेंट भट्ट्या लागतात, पुढे चंद्रपूरचे २,९२० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र. कोळसा जाळणारे आणि कोळशाला पर्याय शोधणारे, दोघेही आमच्या शेजारी आहेत.

पऱ्हाटी वावरात ठेवून चालत नाही. कपाशीची फरदड घेऊ नका, हंगाम वेळेत संपवा, पऱ्हाट्या धुऱ्यावर रचून ठेवू नका, असे कृषी विभाग दरवर्षी बजावतो, कारण गुलाबी बोंडअळी त्यांत दबा धरून बसते आणि पुढच्या हंगामात परत येते. २०१७ मध्ये या अळीने विदर्भाचा कापूस कसा खाल्ला ते आम्ही पाहिले आहे. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत पऱ्हाटी उपटायची, आणि नेणारा नसेल तर काडी लावायची. नागपुरातही केंद्र असलेल्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून ब्रिकेट आणि पेलेट करण्याच्या पद्धती कधीच दाखवून दिल्या आहेत. तुकडे करायचे, वाळवायचे, दाबायचे. तंत्र अवघड नाही. या इंधनाबद्दल जे सांगितले जाते ते खरे आहे की नाही, हे ठरवणे अवघड आहे, आणि आमची चळवळ त्यासाठीच उभी राहते आहे.

बाजार दोन आहेत

एक बाजार सरकारी बंधनाचा. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये औष्णिक वीजकेंद्रांना कोळशाबरोबर शेतीच्या काडीकचऱ्याचे पेलेट जाळायला सांगितले. २०२३ च्या सुधारणेत हे प्रमाण ५ वरून ७ टक्क्यांवर नेण्याचे वेळापत्रक ठरले. तिथले नियम सरकार करते.

दुसरा बाजार ऐच्छिक. कापड, खाद्यपदार्थ, संगणक किंवा विमान कंपनीने आपण होऊन जाहीर केलेले असते की आम्ही आमचे उत्सर्जन कमी करू. त्यासाठी ती हरित इंधन घेते, किंवा कुणीतरी वाचवलेल्या कार्बनचे क्रेडिट घेते. या बाजारात नियम करणाऱ्या संस्था खासगी आहेत. अमेरिकेतली व्हेरा, २००३ मध्ये सुरू झालेली गोल्ड स्टँडर्ड, टिकाऊ जैवइंधनाला प्रमाणपत्र देणाऱ्या जर्मनीतील आयएससीसी आणि स्वित्झर्लंडमधील आरएसबी, ही त्यांतली मोठी नावे. भारतानेही ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ साली दुरुस्ती केली, जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना आणली आणि त्याच वर्षी डिसेंबरात ज्यांच्यावर बंधन नाही अशांनाही आपण होऊन भाग घेण्याची वाट खुली केली.

ऐच्छिक बाजारात ग्राहक पेलेटच्या पोत्याला हात लावत नाही. कागदावरच्या वाक्याला तो पैसे देतो, आणि ते वाक्य आमच्या वावराबद्दल असते: ही पऱ्हाटी टाकाऊ होती, ती जाळली जाणार होती, ती इथून निघाली, इतके टन निघाली. वाक्य आमच्याबद्दलचे, आणि ते लिहिताना आम्हाला कुणी विचारत नाही.

दावा कुठे खोटा पडतो

पहिली जागा शून्याची. युरोपीय संघाच्या नवीकरणीय ऊर्जेच्या नियमांत पिकाचा अवशेष गोळा होईपर्यंत त्याच्या नावावर उत्सर्जन शून्य धरतात. पऱ्हाटी जाळल्यावर निघणारा कार्बन कपाशीने जून ते डिसेंबरात हवेतूनच घेतलेला असतो, म्हणून तोही मोजत नाहीत. हा हिशेब आम्हाला मान्य आहे, पण पऱ्हाटी खरोखर उरलेली असेल तेव्हाच. यवतमाळच्या गावात ती सगळीच उरलेली नसते. उज्ज्वला योजनेचे सिलिंडर २०१६ पासून घरात आले, तरी ते पुन्हा भरायला पैसे नसतात तेव्हा चूल पेटते ती पऱ्हाटीवर आणि तुराटीवर. वाडग्याचे कुंपण तिचे असते. काही शेतकरी यंत्राने तिचे तुकडे करून मातीत घालतात, जमिनीत सेंद्रिय कर्ब राहावा म्हणून. एखाद्या व्यापाऱ्याने गावातली सगळी पऱ्हाटी उचलली आणि चुलीसाठी बाईला जंगलात सरपणाला जावे लागले, तर कारखान्यात वाचलेला कार्बन टिपेश्वर अभयारण्याच्या कडेला तोडलेल्या फांदीतून निघाला. प्रमाणपत्रावर हे दिसत नाही.

दुसरी जागा ‘नाहीतर काय झाले असते’ या प्रश्नाची. कार्बनचे प्रत्येक क्रेडिट याच प्रश्नाच्या उत्तरावर उभे असते. उत्तर फुगवले की क्रेडिट फुगते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतील संशोधकांनी २०२४ मध्ये नेचर सस्टेनेबिलिटी या नियतकालिकात सुधारित चुलींच्या प्रकल्पांचा अभ्यास मांडला. त्यांनी तपासलेल्या नमुन्यात प्रत्यक्ष बचतीच्या नऊपटींहून अधिक क्रेडिट दिली गेली होती. किती कुटुंबे जुनी चूल सोडतात, किती सरपण वाचते, हे कागदावर सढळ हाताने धरले गेले होते. ज्यांच्या चुलीबद्दल हे आकडे होते, त्या बायांकडे शेवटचा शब्द असता तर आकडे इतके फुगले नसते, असे आम्हाला वाटते.

तिसरी जागा तपासणीची. आयएससीसीच्या गट-प्रमाणपत्रात सगळ्या शेतांवर तपासनीस जात नाही. शेतकऱ्यांच्या संख्येच्या वर्गमुळाइतका नमुना घेतात, धोका जास्त दिसला तर तो वाढवतात. ४०० शेतकऱ्यांचा गट असेल तर किमान २० वावरे. उरलेल्या ३८० जणांचे स्वतःचे घोषणापत्र असते. ते इंग्रजीत असेल आणि सही घाईत घेतलेली असेल, तर त्याला घोषणा म्हणता येत नाही. शिवाय तपासनीसाची फी तोच भरतो ज्याची तपासणी व्हायची आहे.

चौथी जागा भेसळीची. आरागिरणीचा भुसा किंवा जंगलातले लाकूड मिसळून केलेली ब्रिकेट बाहेरून पऱ्हाटीच्या ब्रिकेटसारखीच दिसते. आणि तोच टन दोनदा विकला जातो: एकदा पेलेट घेणाऱ्याला ‘हरित इंधन’ म्हणून, दुसऱ्यांदा क्रेडिट घेणाऱ्याला ‘वाचलेला कार्बन’ म्हणून.

कागदावर विश्वास ठेवून काय होते हे कापसाच्या धंद्याने भोगले आहे. सेंद्रिय कापडाला जागतिक दर्जा देणाऱ्या गॉट्स या संस्थेने २०२० मध्ये भारतात खोट्या प्रमाणपत्रांचा मोठा घोटाळा उघड केला. २० हजार टन कापूस खोट्या कागदांवर ‘सेंद्रिय’ झाला होता. त्यानंतर खऱ्या सेंद्रिय शेतकऱ्याकडेही संशयाने पाहिले गेले. खोटा दाखला आधी गिऱ्हाइकाला फसवतो आणि मग प्रामाणिक शेतकऱ्याचा भाव पाडतो. पऱ्हाटीच्या बाबतीत हे होण्याआधी आम्ही उभे राहतो आहोत.

गाव दाखला देऊ शकते

कुणी म्हणेल, हे काम तज्ज्ञांचे, गावाला काय कळते? याला महाराष्ट्रानेच उत्तर दिलेले आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाला वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक वनखात्याकडून ग्रामसभेच्या हाती आले. ज्या गावाने बांबू राखला, त्याच गावाने तो कुठून निघाला हे लिहून द्यायचे, असा तो निर्णय होता.

सेंद्रिय शेतीतही सहभागी हमीची पद्धत, पीजीएस-इंडिया, सरकारमान्य आहे. तिच्यात शेजारचे शेतकरी एकमेकांची शेते पाहतात आणि एकमेकांची हमी घेतात. कोणाच्या वावरात पऱ्हाटी पेटली, कोणी मातीत घातली, कोणाच्या अंगणात रचली आहे, हे गावाला न विचारताही माहीत असते. आम्ही तज्ज्ञाला नाकारत नाही. ओलावा, उष्मांक, राख आणि इंधनाचे मिश्रण प्रयोगशाळेनेच मोजावे. वावरातले सत्य मात्र वावरातच लिहिले जावे.

आमची कलमे

१. आधी गावाची गरज. दर हंगामाच्या सुरुवातीला ग्रामसभा ठरवेल की चुलीसाठी, कुंपणासाठी आणि मातीत घालण्यासाठी किती पऱ्हाटी गावात राहील. त्यानंतर उरेल तीच इंधनाला जाईल आणि तिलाच ‘अवशेष’ म्हटले जाईल. सरपणाबद्दलच्या ठरावावर गावातल्या महिलांच्या सभेची संमती लागेल.

२. प्रत्येक वावराची नोंद. मागच्या हंगामात या वावरातल्या पऱ्हाटीचे काय झाले: जाळली, चुलीत गेली, मातीत घातली की विकली? हे शेतकऱ्याने सांगायचे आणि धुऱ्याच्या शेजाऱ्याने त्यावर सही करायची. जी जाळली जात नव्हती तिला ‘जाळण्यापासून वाचवली’ म्हणून क्रेडिट घेता येणार नाही. क्रेडिट कमी मिळाले तरी चालेल.

३. वजन गावात, ओलाव्यासह. दहा टन पऱ्हाटीत ३० टक्के ओलावा असेल तर तीन टन पाणीच आहे. वजनकाट्याच्या पावतीवर ओलावा नसेल तर पावती अपुरी. पावतीची एक प्रत शेतकऱ्याकडे, एक गावाच्या वहीत, एक मालाबरोबर.

४. एका टनावर एकच दावा. टन इंधन म्हणून विकला की क्रेडिट म्हणून विकता येणार नाही, आणि क्रेडिट म्हणून विकला तर इंधनावर ‘हरित’ लिहिता येणार नाही. प्रत्येक खेपेला क्रमांक असेल, तो पेलेटच्या पोत्यापर्यंत आणि तिथून खरेदीदाराच्या वार्षिक अहवालापर्यंत जाईल. मिसळलेल्या मालाच्या ढिगात आवक-जावकीचा ताळेबंद महिन्याला जुळला पाहिजे.

५. शून्याचा पुरा हिशेब. पऱ्हाटीचे तुकडे करणाऱ्या यंत्राचे डिझेल, ट्रॅक्टर आणि ट्रकचे डिझेल, कारखान्यातली वीज, हे सगळे वजा केल्यावर जे उरते तीच बचत. पऱ्हाटी हलकी आणि जागा खाणारी असते, म्हणून लांब नेली की बचत वाटेतच संपते. म्हणून इंधन शक्यतो जवळच्या भट्टीला जावे.

६. कसणाऱ्याचा वाटा. सातबारा मालकाच्या नावावर असला तरी पऱ्हाटी पिकवली मक्तेदाराने किंवा बटाईदाराने. करार त्याच्याशी व्हावा. नवरा गेल्यावर ज्या बाईने वावर सांभाळले, पण जिचे नाव अजून सातबाऱ्यावर चढले नाही, तिच्याशीही व्हावा. करार मराठीत असेल, आणि दावा शेवटी किती रुपयांना विकला गेला हे त्या करारानुसार गावाला कळवावे लागेल.

७. मजुराची नोंद. उपटणी, कुटाई, भराई करणाऱ्यांची हजेरी, मजुरी आणि संरक्षणाची साधने वहीत असतील. २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना या जिल्ह्यात शेतमजूर विषबाधेने मेले. ज्यांच्या हातून पीक वाचते त्यांच्या जिवाची नोंद कुठल्याच कागदावर नव्हती. नव्या इंधनाच्या कागदावर ती पहिल्या दिवसापासून असेल. यंत्रात हात गेला किंवा धुळीने छाती भरली तर उपचाराचा खर्च कोण करणार, हे करारात आधी लिहिलेले असेल.

८. खुली वही. गावाची वही ग्रामपंचायतीत कुणालाही पाहता येईल. तिचा सारांश प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला आपल्या सार्वजनिक नोंदणीत जोडावा लागेल, मराठीसह.

९. तपासनीस स्वतंत्र. तपासणीची फी विकणाऱ्याने थेट तपासनीसाला देऊ नये. सगळ्यांनी एका निधीत जमा करावी, आणि कोणता तपासनीस कुठे जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरावे. कोणती वावरे पाहायची ते ग्रामसभेसमोर ठरेल, आणि तक्रार आलेले वावर नमुन्यात आपोआप येईल.

१०. खोट्याला माफी नाही. आमच्यातल्याच कुणी खोटी नोंद केली तर त्या हंगामापुरता त्याचा माल बाद होईल आणि निकाल वहीत लिहिला जाईल. गाव स्वतःला सूट देणार नाही.

‘असे केले तर कंपन्या येणार नाहीत’

आम्हाला हेच सांगितले जाईल. आमचे उत्तर असे की फुगवलेल्या क्रेडिटमुळे ऐच्छिक बाजारातला गिऱ्हाईक आधीच बिथरलेला आहे. जगभरच्या खरेदीदारांना आता असा टन हवा आहे, ज्याबद्दल उद्या वर्तमानपत्रात बातमी येणार नाही. तो आम्ही देऊ शकतो. वहीचा खर्च आहे, ओलावा मोजण्याच्या यंत्राचा आहे, वही लिहिणाऱ्या गावातल्या मुला-मुलींच्या मानधनाचा आहे. हा खर्च इंधनाच्या भावात धरला पाहिजे. जो खरेदीदार खरेपणाला पैसे द्यायला तयार नाही, त्याने हरितपणाची पाटीही लावू नये.

दुसरा आक्षेप आमच्याच घरातून येईल: पऱ्हाटी तर आपण जाळतच होतो, मिळतील ते पैसे घ्यावेत. गरजेच्या दिवसांत ही भाषा आम्हाला समजते. पण कापसाचा भाव ठरताना आम्ही नव्हतो, बियाण्याची किंमत ठरताना नव्हतो. या जिल्ह्यातून एक नवी वस्तू बाजारात जात आहे, आणि तिचे नियम अजून ओले आहेत. ते घट्ट होण्याआधी आमचा हात त्यात असला पाहिजे.

या हंगामापासून

जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांत प्रत्येकी किमान एका गावात आम्ही वही सुरू करू. वेचणी संपण्याआधी ग्रामसभेत पहिल्या कलमाचा ठराव होईल. उपटणी सुरू झाली की वजन आणि ओलावा लिहिला जाईल. हंगाम संपल्यावर सगळ्या वह्या एकत्र वाचू, जे कलम व्यवहारात टिकले नाही ते उघडपणे बदलू आणि सुधारलेले मानक प्रसिद्ध करू. ते कुणाच्या मालकीचे नसेल. वर्धा, चंद्रपूर, अमरावती, नांदेड, तेलंगणातला आदिलाबाद, जिथे कपाशी आहे तिथल्या कुणीही ते घ्यावे.

शासनाकडे आमची मागणी आहे की कार्बन क्रेडिट व्यापार योजनेत शेतीच्या अवशेषांपासूनच्या इंधनाला मान्यता देताना ग्रामसभेच्या नोंदीला पुराव्याचा दर्जा द्यावा, आणि प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी ओलावा व उष्मांक मोजण्याची परवडणारी सोय करावी. व्हेरा, गोल्ड स्टँडर्ड, आयएससीसी आणि आरएसबी यांच्याकडे मागणी आहे की यवतमाळच्या पऱ्हाटीवरचा कोणताही प्रकल्प नोंदवण्याआधी त्याचा मसुदा मराठीत त्या गावात वाचून दाखवला जावा, आणि गावाचे आक्षेप जसेच्या तसे नोंदीत राहावेत. वीजकेंद्रे, सिमेंट कारखाने आणि पेलेट करणाऱ्यांना आमचे आवाहन आहे: खरेदीच्या निविदेत ही दहा कलमे घाला. तुमच्या दाव्यामागे आम्ही उभे राहू.

शेतकरी बंधू-भगिनींनो, वही लिहिल्याशिवाय आपली पऱ्हाटी कुणाला देऊ नका. न वाचलेल्या कागदावर सही करू नका. मजूर बंधू-भगिनींनो, हजेरीत आपले नाव पाहिल्याशिवाय भारा उचलू नका. शिकलेल्या मुला-मुलींनो, वही लिहायला गावात या. ज्यांना ही कलमे मान्य आहेत त्यांनी आपल्या पुढच्या ग्रामसभेत ती विषयपत्रिकेवर घ्यावीत आणि ठराव करून आमच्यात सामील व्हावे. सभासदत्वाची दुसरी कोणतीही अट नाही.